पान्यावर ठेवलेला हात

या अंकासाठी मी आजवर चार-पाचदा लिहिलं आणि दर वेळी गमतीचं लिहिलं. गाडीचा भोंगा ‘उर्मट’ वाजतो म्हणून तो बदलून मागणारे पिंपरी कॅम्पातले कापडवाले. गाडी खोलली की शेजारी स्टूल टाकून एकेक बोल्ट मोजून घेणारे, आणि शेवटी स्वतःची छत्रीच गाडीखाली विसरून जाणारे मास्तर. वाचकांनी हसून पत्रं पाठवली. पण ज्या एका गिऱ्हाइकाचं काम मला आजही झोपेतून उठवतं, त्याच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी लिहून होई. सांगायची लाज वाटत होती, हे एक कारण. आणि ज्यांना आधी सांगायला हवं ती माणसं हयात असताना त्यांना न सांगता छापायचं कसं, हे दुसरं. दुसरं कारण या उन्हाळ्यात संपलं. पहिलं अजून आहे, पण माझंही वय झालं.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी आता निगडीला प्राधिकरणात राहतो. तेव्हा इथं माळ होता. भोसरीला शेतं होती. चिंचवड म्हणजे नदीकाठचं गाव, आणि गावाबाहेर मुंबई रस्त्याला लागून आमचं गॅरेज. पत्र्याची लांब शेड, दोन खड्डे आणि मागे चिंचेचं झाड. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. धोतर, कोट, काळी टोपी. हाताला ग्रीस लागलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगण्यात त्यांचा हात धरणारा पुण्यातही नव्हता. मी साताऱ्याकडून आलेला. चार वर्षांत त्यांचा मुख्य मेस्त्री झालो होतो आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही.

स्टिअरिंग फिरवलं की पुढची दोन्ही चाकं बरोबरीनं वळावीत म्हणून गाडीखाली एक आडवा रॉड असतो. त्याच्या प्रत्येक टोकाला एक सांधा, आणि तो सांधा एका नटानं धरून ठेवलेला. नट कितीही आवळा, रस्त्याच्या हादऱ्यांनी तो केसाकेसानं फिरतोच. म्हणून त्या नटाला वर मुकुटासारख्या खाचा असतात आणि बोल्टला आरपार भोक. खाच भोकासमोर येईल असा नट आवळायचा, त्यातून एक दुहेरी तारेची पिन ओवायची आणि पकडीनं तिची टोकं उलटी वळवायची. या पिनेला आम्ही स्प्लिट पिन म्हणतो. बोटाच्या एका पेराएवढी असते. ती आत असेल तर नट हलत नाही. ती नसेल तर नट कधी ना कधी गळतो, आणि मग एक चाक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे जातं.

दुसरी गोष्ट आमच्या गॅरेजची. काम अर्धवट टाकून कोणाला जेवायला जरी जायचं असलं तरी त्यानं स्टिअरिंगला एक चिंधी बांधायची. चिंधी दिसली की ती गाडी कोणी चालू करायची नाही. ज्यानं बांधली त्यानंच काम पुरं करून सोडायची. हा नियम मीच घालून दिला होता.

म्हादबा चाकणचे. पलटणीत मोटार हाकत होते. लढाईत वाळवंटात ट्रक चालवून आले होते. पलटण सुटल्यावर त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली आणि चाकण ते तळेगाव स्टेशन भाड्यानं फिरवू लागले. घरी कांद्याची शेती होती, पण ती भाऊ बघायचा. “बैलाला बिरेक नस्तो मेस्त्री, आपलं जमत न्हाई,” असं म्हणायचे. दिसायला उंच, मिशा कातरलेल्या, बोलणं कमी. सकाळी गाडी काढण्याआधी ते स्वतः खाली वाकून बघत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “म्हादबा, तुम्हीच बघणार तर आम्ही कशाला?” तर म्हणाले, “तुमच्याकडं सोडली की मी बघत न्हाई. घरी बघतो.” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्या वर्षी नवरात्रात त्यांची गाडी रॉडच्या कामाला आली. सांधा झिजला होता. पुण्याहून नवा मिळायला चार दिवस लागले आणि बसवायचा दिवस आला तो खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. सकाळी निम्म्या वेळेपर्यंत काम, मग सगळे पाने, पकडी, हातोडे रॉकेलनं धुऊन, पुसून, पाटावर मांडायचे. कामाची वहीसुद्धा पूजेत. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी दुपारी दसऱ्याची पूजा होऊन आपट्याची पानं वाहीपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. अण्णा या बाबतीत कडक होते आणि मी त्यांच्याहून. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला गेनू फिटरनं दाराचा खिळा ठोकायला पाटावरची हातोडी उचलली होती. मी त्याला दहा गिऱ्हाइकांसमोर असा फैलावर घेतला की तो दिवसभर जेवला नाही. “अन्नाला लाथ मारतोस का रे?” असं काहीतरी बोललो होतो. त्या दहा गिऱ्हाइकांत म्हादबाही होते. “असा मानूस पायजे,” ते तेव्हा म्हणाले होते.

तर खंडेनवमीच्या सकाळी मी खड्ड्यात उतरून सांधा बसवला. नट हातानं फिरवून वर आणला, पान्याचे दोन फेरे दिले. शेवटचं आवळणं पिन घालतानाच करायचं असतं, खाच भोकासमोर यावी म्हणून. पिनेचा डबा उघडला तर त्या मापाची पिन सापडेना. शोधत होतो, तेवढ्यात अण्णांची हाक आली. “सदा, भटजी आलेत. हत्यारं आण.” मी स्टिअरिंगला चिंधी बांधली आणि पाना, पकड घेऊन गेलो. मनात म्हटलं, उद्या दुपारी पुरं करू.

पूजा झाली. मग सगळ्या गाड्या धुतल्या, प्रत्येक गाडीला झेंडूची माळ आणि हळदकुंकवाची बोटं. म्हादबांच्या गाडीशी आलो तर स्टिअरिंगला ती तेलकट चिंधी. सणाच्या दिवशी, माळेशेजारी, ती मला घाण वाटली. मी सोडली आणि कोपऱ्यात फेकली. माझाच नियम मीच मोडला, आणि मोडला हे त्या वेळी लक्षातही आलं नाही. सण होता, मी खुशीत होतो.

दसऱ्याच्या सकाळी नऊच्या सुमारास म्हादबा आले. बरोबर त्यांची मंडळी, हौसाबाई. नवं लुगडं, नाकात नथ. मोरयाचं दर्शन करून आले होते. म्हादबांनी गाडी घेऊन चार वर्षं झाली, पण बाई कधी तीत बसल्या नव्हत्या. भाड्याच्या गाडीत घरच्या माणसानं कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं. आज दसरा, म्हणून म्हादबा त्यांना गाडीतून घरी नेणार होते.

“मेस्त्री, आमची नवरी तयार हाय का?”

“कोणती नवरी म्हणता?” मी म्हटलं, तसं हौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

अण्णा पुण्याला भावाकडे गेले होते. गाड्या गिऱ्हाइकांना देणं एवढंच काम होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी किल्ली दिली. म्हादबा बसले, बाई शेजारी बसल्या. त्यांना दार लावता येईना, ते मीच बाहेरून लावलं. इंजिन सुरू झालं आणि त्या क्षणी मला पिन आठवली.

मी हे लिहिताना स्वतःला सवलत देऊ इच्छित नाही. मला आठवली. गाडी अजून हलली नव्हती. पाना आणि पकड माझ्यापासून पंधरा पावलांवर पाटावर होती, फुलांखाली. जुनी एखादी पिन, अगदी तारेचा तुकडासुद्धा चालला असता. दोन मिनिटांचं काम. नाहीतर “म्हादबा, दुपारपर्यंत थांबा,” एवढं म्हणणं. पण पाटाशी गेनू उभा होता. त्याच्यासमोर मी पूजेतली पकड उचलायची? आणि थांबा म्हणालो तर का ते सांगायला हवं, आणि चिंधी कोणी सोडली तेही. हे सगळं एका श्वासात माझ्या मनातून गेलं. मी काचेशी वाकलो आणि म्हणालो, “म्हादबा, सावकाश जा. आणि परवा एकदा गाडी दाखवून जा.”

“का वो? काय ऱ्हायलंय का?”

“नाही नाही. सहज.”

ते सावकाशच गेले. भोसरीवरून मोशीचा पूल ओलांडून गेले. कुरुळीच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं गाडीनं वळण घेतलंच नाही. डावं चाक वळलं, उजवं सरळ राहिलं. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. म्हादबांना खरचटलं. हौसाबाईंच्या बाजूचं दार उघडून त्या दगडावर पडल्या. कंबरेशी हाड मोडलं. आम्ही आपट्याची पानं वाटत होतो तेव्हा एका ट्रकवाल्यानं निरोप आणला.

अण्णा संध्याकाळी परतले. सगळे कामगार गोळा झालेले. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “सदा, पिन घातली होतीस ना?”

असा प्रश्न असतो तो. त्याला एकच उत्तर जातं. मी “हो” म्हणालो. पुढं जे जे झालं ते त्या एका ‘हो’च्या मागून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही पूजेतून काढली आणि खंडेनवमीच्या पानावर लिहिलं: सांधा बदलला, नट आवळून पिन बसवली. माझं अक्षर चांगलं आहे.

पोलिसांनी म्हादबांवर बेदरकारपणे गाडी हाकल्याचा ठपका ठेवला. परवाना काढून घेतला. पंचनाम्यात ‘रॉड निखळलेला’ एवढंच होतं. हवालदाराला आणखी काय कळणार? पण म्हादबांना कळलं होतं. बायको दवाखान्यात असताना ते परत त्या बाभळीपाशी गेले, गाडीखाली शिरले आणि बोल्ट बघून आले. मग ते गॅरेजवर आले. डोक्याला पट्टी होती.

“मेस्त्री, भोक मोकळं हाय.”

अण्णा खुर्चीवरूनच म्हणाले, “म्हादबा, धडकेत पिन तुटून पडली असेल.”

“तुटली आसती तर तुकडा आत ऱ्हायला आसता. भोकाला चरा पडला आसता. आत कायबी न्हाई, अन्ना. गुळगुळीत हाय.”

ते बरोबर होते. मी खाली बघत एक स्वच्छ पाना पुसत राहिलो.

“मला तुमच्याकडनं दमडी नको,” म्हादबा म्हणाले. “फकस्त लिवून द्या की काम ऱ्हायलं हुतं. तेवढ्यानं माझा परवाना माघारी मिळंल.”

“असं लिहून दिलं तर उद्या या दारात कोण गाडी आणेल?” अण्णा म्हणाले. “आणि न केलेल्या चुकीचं लिहून का द्यायचं? आमच्या मेस्त्रीनं पिन घातली आहे. वहीत आहे.”

म्हादबांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

दिवाळीनंतर त्यांनी खेडच्या कोर्टात गॅरेजवर दावा लावला. अण्णांनी तो माझ्यावर सोपवला. “मला त्या फेऱ्या जमायच्या नाहीत, आणि काम तुझ्या हातचं. तूच बोल वकिलांशी.” म्हणजे ज्यानं केलं त्यानंच ते लपवण्याचं कामही करायचं. सगळा हिवाळा मी एसटीनं खेडला जात होतो. आमचे वकील हुशार होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, “खरं काय ते मला सांगू नका. वहीत काय आहे ते सांगा.”

त्यांची एकच काळजी होती. म्हादबांचे वकील विचारणार, खंडेनवमीला हत्यारं किती वाजता पाटावर गेली? त्याआधी काम पुरं झालं होतं का? आणि गेनूला साक्षीला बोलावलं तर? गेनूला चिंधी दिसली होती. मी घरी परतताना रोज हिशेब करायचो, कोण किती वाजता कुठं उभं होतं. गेनू माझ्याशी नेहमीसारखा वागत होता. एकदा जेवताना तो एवढंच म्हणाला, “मेस्त्री, मला कोर्टात नका पाठवू. मला उभं ऱ्हायलं की सगळं आठवतं.” मी त्याचं नाव वकिलांना दिलं नाही. म्हादबांच्या बाजूनं कोणाला ते सुचलंही नाही.

चौथ्या तारखेला माझी साक्ष होती. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाकं होती. आमचे वकील आत कागद बघत होते. मी बाहेर बसलो होतो. म्हादबा आले आणि समोर उभे राहिले. हातात फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं.

“बसा,” मी म्हणालो.

“बसाय न्हाई आलो.” त्यांनी फडकं उलगडलं. पाना होता, पलटणीतला, जड, मूठ घासून चकचकीत झालेला. “हा माझ्यासंगं वाळवंटात हुता. ह्याची मी पूजा करतो. तुमीबी करता. पूजेतली हातोडी उचलली म्हनून तुमी गेनूला कसं फाडलं, ते मी माज्या डोळ्यानं पायलंय.”

मी पान्याच्या मुठीकडे बघत राहिलो.

“आत गेल्यावर तुमी पुस्तकावर हात ठिवनार. वकील शिकिवनार ते बोलनार. मला त्याचं काय न्हाई. हितं ह्याच्यावर हात ठिवा आन् सांगा, पिन घातली हुती का. घातली म्हनला तर मी आत्ता आत जाऊन दावा माघारी घेतो. न्हाई म्हनला तर कोर्टाला काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा. मी कुनाला सांगनार न्हाई.”

“म्हादबा, अहो, ही कोर्टाची बाब...”

“कोर्ट जाऊ द्या वो. माझी बायको चार महिनं खाटंवर पडलीय. लोक म्हनत्यात नवऱ्यानं पाडली. माझी चूक हाय का तुमची, एवढं मला कळाय पायजे. रातच्याला माझ्या हातांकडं बघत बसतो मी. ह्ये हात चुकले का न्हाई, एवढंच सांगा.”

दारातून वकील डोकावले आणि मला नकारार्थी बोट दाखवलं. विरुद्ध पक्षाशी बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मला आठवतं, मी त्या बोटाकडे बघून सुटकेची वाट शोधत होतो. उठून आत जाता आलं असतं. म्हादबांनी पाना तसाच पुढं धरला होता, दोन्ही तळहातांवर, आपण प्रसाद धरतो तसा.

दसऱ्याला ज्याचं पाटावरची पकड उचलायचं धाडस झालं नाही, त्यानं त्या पान्यावर हात ठेवला. लोखंड थंड होतं.

“घातली होती,” मी म्हणालो.

म्हादबांनी पाना मागे घेतला. मला वाटलं, आता मला मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला. गाठ मारली.

“मग माझाच हात चुकला आसंल,” ते म्हणाले. रागानं नाही. एखादी माहिती मिळाल्यासारखं.

आत त्यांचे वकील त्यांच्यावर ओरडले. भोक, बोल्ट, वहीतली शाई, सगळं त्यांनी तयार करून आणलं होतं. न्यायाधीशांनीही विचारलं, “कोणी दबाव आणलाय का? धमकी?”

“न्हाई सायेब. त्या मानसानं पान्यावर हात ठिवला. त्याच्या म्होरं काय इचारायचं?”

न्यायाधीशांना ते कळलं नसावं. त्यांनी कागदावर सही केली.

अण्णांनी मला त्या दिवशी पेढे दिले. मी एसटीत बसलेल्या एका म्हातारीला देऊन टाकले आणि मग वाटलं, तिला तरी का दिले.

पुढची माझी नोकरी सांगण्यासारखी चांगली झाली. गॅरेज सोडून मी नव्या कारखान्यात लागलो, वाहनांच्या दुरुस्ती विभागाचा प्रमुख झालो. माझ्या हाताखालची गाडी मी स्वतः खाली वाकून बघितल्याशिवाय कधी सुटली नाही. पिन दोनदा बघायचो. कामगार मला मागे ‘पिनसाहेब’ म्हणत. सणाला हत्यारं पूजेला लावली तरी एक पाना आणि एक पकड मी बाजूला खिशात ठेवायचो. कोणी विचारलं तर “लागते कधी कधी,” असं सांगायचो. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या या काटेकोरपणाचं कौतुक केलं. एक जण म्हणाला, यांच्या हातून चूक होणं शक्यच नाही. मी हार घालून बसलो होतो. मला तो हार काढता येईना.

म्हादबांना मी दोनदा भेटलो. पहिल्यांदा दाव्यानंतर सहा-सात वर्षांनी. ठरवून गेलो होतो. चाकणच्या बाजारात ते कांद्याच्या पोत्यांजवळ बसले होते. बैलगाडी घेऊन आलेले. परवाना काढून घेतल्याची मुदत कधीच संपली होती, पण त्यांनी अर्जच केला नव्हता. मला बघून उठले. शेजारच्या आडत्याला म्हणाले, “ह्यो आमचा मेस्त्री. पान्यावर हात ठिवून बोलनारा मानूस. आता आसं कोन हाय?” मग मला म्हणाले, “च्या घेनार?” मी चहा घेतला. आठ-दहा माणसं होती. माणसं नसती तर बोललो असतो, असं मी परतताना स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी घरी जाऊ, एकटे गाठू. पुढच्या वेळेला वीस वर्षं गेली. तेव्हा ते अंथरुणाला होते, ओळखही पटली नाही. मी खाटेशेजारी बसून उठून आलो.

ते गेल्यावर तीन-चार वर्षांनी मी हौसाबाईंना भेटायला गेलो. हे मात्र पूर्ण ठरवून. वाक्य पाठ केलं होतं. चऱ्होलीला माझ्या मेहुण्यांकडे उतरलो होतो, तिथून सकाळीच निघालो.

बाई अंगणात लसूण सोलत होत्या. उठल्या त्या एका बाजूला झुकत, काठी धरून. मला ओळखलं नाही. मी म्हणालो, “चिंचवडच्या गॅरेजातला मेस्त्री.”

“आगं बाई,” त्या म्हणाल्या, “तुमी व्हय! बसा की. ह्यांच्या तोंडी तुमचं नाव लई.” सुनेला चहा टाकायला सांगितला. आम्ही पावसाचं बोललो, कांद्याच्या भावाचं बोललो. त्यांच्या शेताजवळून कंपनीचा रस्ता जाणार होता, त्याचं बोललो. मग एकदम लसूण खाली ठेवून त्या म्हणाल्या, “भाऊ, एक सांगू का. ह्ये शेवटपतोर मला इचारायचे. तू शेजारी हुतीस, तू पायलंस का, वळनावर माझा हात हलला का? मी सांगायची, आवो मी तर झाडाकडं बघत हुते, पयल्यांदाच बसले हुते गाडीत, मला काय ठावं. तर गप बसायचे. खोटं सांगाय पायजे हुतं का मी? हलला न्हाई म्हनून? बरं वाटलं आसतं त्यास्नी.”

चहा आला होता. मी कप हातात घेतला.

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही खोटं कशाला सांगायचं.”

“मंग? तुमी मोटारीतले जानते. आसा हात हलतो का वो मानसाचा, आपला आपल्याला न कळता?”

त्यांनी विचारलं होतं. म्हणजे मला विषय काढायचीही गरज उरली नव्हती. सून आत गेली होती. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणालो, “उशीर होतोय, माझी एसटी आहे.” त्या काठी धरून कवाडापर्यंत आल्या. “या परत,” म्हणाल्या. मी परत गेलो नाही. या वैशाखात त्या गेल्या.

पाठ केलेलं वाक्य असं होतं: हौसाबाई, त्यांचा हात हलला नव्हता. पिन मी घातली नव्हती, आणि मला ते गाडी सुटायच्या आधी आठवलं होतं. मला क्षमा करा.